आजार अंगावर काढायचा की रजा टाकायची? कामाच्या दिवशी निर्णय कसा घ्यावा

मराठवाड्यात आजारी माणसाला घरी थांबवणं अवघड असतं, कारण तापाच्या आधी खाड्याचा हिशोब डोक्यात येतो. वाळूजच्या कंपनीत ठेकेदारामार्फत लागलेला पोरगा असो, जालन्याच्या रोलिंग मिलमधला कामगार असो, लातूरच्या आडतीवरचा हमाल असो, नाहीतर हिंगोलीकडच्या एखाद्या द्विशिक्षकी शाळेवरच्या बाई असोत, सगळ्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "बघू, गोळी घेऊन जातो." मग एका दिवसात निभावलं असतं ते दुखणं आठवडाभर पुरतं.

मी बरीच वर्षं औद्योगिक वसाहतीत टाइम ऑफिसचं काम करतोय. हजेरी, रजेचे अर्ज, ईएसआयचे (कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचे) कागद आणि शिफ्ट सुरू व्हायच्या आधी येणारे फोन, हे माझं रोजचं. त्यातून एक गोष्ट पक्की झाली आहे. माणसं रजेचा निर्णय 'मी किती आजारी आहे' एवढ्या एकाच प्रश्नावर घेतात, आणि तोही पहाटे साडेपाचला, अर्धवट झोपेत. विचारायला हवेत ते प्रश्न तीन. आज जे काम करायचंय ते या अंगाने नीट होईल का? माझ्यामुळे दुसऱ्याला लागण होईल का? आणि आज गेलो तर दुखणं किती दिवस लांबेल? यातल्या एकाचं जरी उत्तर वाईट आलं तरी रजा टाकायची.

आदल्या रात्रीच सुरुवात करा

अंग मोडून आलंय, घसा खवखवतोय, पोट बिघडलंय, हे बहुतेक वेळा आदल्या संध्याकाळीच कळतं. निर्णयाचं अर्धं काम तेव्हाच उरकायचं. घरात डिजिटल थर्मामीटर हवाच, मेडिकलवर सहज मिळतो. कपाळाला हात लावून ताप ठरवू नका. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत घरातल्या सगळ्यांचंच अंग गरम लागतं.

गोळी घ्यायच्या आधी ताप मोजा आणि वेळेसकट मोबाइलमध्ये लिहून ठेवा. मग गोळी घ्या, झोपा, सकाळी पुन्हा मोजा. सकाळचा आकडा मात्र फसवा असतो. माणसाच्या अंगाचं तापमान पहाटे सगळ्यात कमी आणि दुपारनंतर, संध्याकाळकडे सगळ्यात जास्त असतं. त्यात पॅरासिटामॉलचा असर चार ते सहा तास टिकतो. रात्री उशिरा किंवा पहाटे गोळी घेतली असेल तर सहाच्या सुमाराला 'उतरला की ताप' असं वाटतं, माणूस डबा घेऊन बसमध्ये बसतो आणि अकरा-बाराला मशीनवर थंडी वाजायला लागते. अर्ध्या शिफ्टमधून घरी सोडायची वेळ येते ती बहुतेक अशाच माणसांवर. अर्धा दिवस बुडतो, दुखणं वाढतं, आणि त्या वेळी लाइनवर बदली माणूसही मिळत नाही.

म्हणून मागच्या चोवीस तासांकडे बघा. या काळात ताप १००.४ फॅरेनहाइटच्या, म्हणजे ३८ सेल्सियसच्या वर गेला असेल तर आज काम नाही. परत जायचं ते गोळी न घेता सलग चोवीस तास ताप आला नाही तर. 'गोळी न घेता' हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि लोक नेमकं तेच गाळतात.

रात्री आणखी दोन कामं करून ठेवा. उद्या आपल्या जागी कोण उभा राहू शकतो त्याला कानावर घाला, आणि किल्ली, वही, पासवर्ड, अर्धवट राहिलेलं काम कुठे आहे ते त्याला सांगा. सकाळी ताप उतरला तर त्यात नुकसान काही नाही. नाही उतरला तर फोन करताना जीव खालीवर होत नाही.

जिथे विचार करत बसायचं नाही

उलट्या-जुलाब सुरू असतील तर घरी थांबा, आणि शेवटचा जुलाब झाल्यावर पुढचे ४८ तास तरी दुसऱ्यासाठी जेवण बनवायचं किंवा वाढायचं काम करू नका. पोटाला बरं वाटायला लागलं तरी जंतू बाहेर पडत असतात. कांजिण्या आल्या तर सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत घरीच. गालगुंड असेल तर सूज आल्यापासून पाच दिवस.

डोळे आले असतील तरी तेच. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ पसरली होती ती बहुतेकांना आठवत असेल. डोळे येतात ते नुसतं बघितल्याने नव्हे, हाताने पसरतात. डोळा चोळायचा, तोच अंगठा हजेरीच्या मशीनवर टेकवायचा, तोच पेन पुढच्याला द्यायचा, तोच टॉवेल वॉशरूममध्ये लटकवायचा. काळा चष्मा लावून आलेला माणूस स्वतःच्या डोळ्यांना उजेडापासून जपतो, शेजाऱ्याला त्याचा काहीच उपयोग नाही. डोळ्यातून पाणी आणि घाण यायची थांबेपर्यंत घरी राहा.

आणि काही लक्षणं अशी की त्यात रजेचा विचारही मागाहून करायचा. छातीत दडपण, हातात किंवा जबड्यात कळ, घाम सुटणं. एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं. श्वास पुरा न होणं. तापात माणूस बरळायला लागणं. इथे १०८ ला फोन आणि दवाखाना. 'ॲसिडिटी असेल' म्हणून सोडा पिऊन कामावर गेलेल्यांतले काही पुढे थेट आयसीयूत सापडतात. साहेबांना फोन घरचं कोणीही करू शकतं.

तुमचं काम काय, यावर बरंच अवलंबून आहे

हा भाग लोक सगळ्यात कमी बघतात. तीच सर्दी, तेच अंग दुखणं, पण टेबलावर बसून बिलं टाकणाऱ्याला एक न्याय आणि पॉवर प्रेसवर उभं राहणाऱ्याला दुसरा.

प्रेस शॉपचं उदाहरण घ्या. मशीनला दोन हातांची दोन बटणं असतात. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, म्हणजे दाब पडताना हात डायमध्ये असूच शकत नाहीत. पण उत्पादन वाढवायला एखादं बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलेलं असतं, कुठे सगळं पायाच्या पॅडलवर चालतं. तिथे बोटं शाबूत राहायला फक्त कामगाराचं लक्ष उरतं. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत आणि खोकल्याच्या औषधांत क्लोरफेनिरामाइन असतं, त्याने झापड येते. सेटिरिझिननेही अनेकांना येते. रात्री खोकल्याने झोप नाही, सकाळी ही गोळी पोटात, आणि समोर मिनिटाला कितीतरी वेळा खाली येणारी प्रेस. ताप एका अंशाने कमी असला म्हणून हा माणूस कामाला योग्य ठरत नाही. त्याने रजा टाकावी, किंवा निदान सुपरवायझरला स्पष्ट सांगून त्या दिवसापुरतं पॅकिंग, मोजणी, तपासणी असं काम मागून घ्यावं. असं काम मागण्यात कमीपणा नाही. झापड घेऊन प्रेसवर उभ्या राहणाऱ्यापेक्षा सांगणारा माणूस आम्हाला कधीही बरा.

क्रेन, फोर्कलिफ्ट, एसटी, ट्रक, काळीपिवळी चालवणाऱ्यांना, खांबावर चढणाऱ्या वायरमनला, बांधकामावर परांचीवर उभं राहणाऱ्याला हेच लागू. चक्कर येत असेल किंवा झोप आणणारं औषध घेतलं असेल तर ताप नसला तरी काम नाही. डॉक्टरांकडे गेल्यावर आपलं काम काय ते आपणहून सांगा. "मी गाडी चालवतो" एवढं वाक्य कानावर पडलं तर डॉक्टर झोप न आणणारी गोळी देऊ शकतात, पण ते प्रत्येकाला आपणहून विचारतीलच असं नाही.

दुसरा गट म्हणजे ज्यांच्या आजाराची किंमत दुसरे मोजतात. लातुरात बाहेरगावाहून शिकायला आलेल्या पोरांच्या मेस चालतात. तिथल्या एका स्वयंपाकी मावशींना जुलाब असताना त्यांनी कणीक मळली, तर ऐन परीक्षेच्या तोंडावर सगळी पोरं आजारी पडू शकतात. मेसवाल्यांनी अशा दिवशी मावशींचा पगार कापू नये, असं मी मनापासून सांगतो. पगार कापला तर पुढच्या वेळी त्या सांगणारच नाहीत. अंगणवाडी, बालवाडी, वृद्धाश्रम, दवाखान्याचा वॉर्ड, शालेय पोषण आहार शिजवणाऱ्या बाया, सगळ्यांनी या बाबतीत कडक राहावं.

ऑफिसात बसणाऱ्यांना ताप नसलेली साधी सर्दी असेल तर मास्क लावून, थोडं लांब बसून काम करायला हरकत नाही. घरून काम करायची सोय असेल तर ती वापरा. पण ताप असताना 'घरून करतो' म्हणू नका. ना आराम होतो ना काम, आणि रजाही वाचल्यासारखी वाटते फक्त.

उन्हाळ्यातला हिशोब वेगळा

एप्रिल-मेमध्ये परभणी, नांदेड, जालन्याकडे पारा ४२-४३ च्या पुढे जातो. या दिवसांत कालचे जुलाब हे आजच्या उष्माघाताचं कारण होऊ शकतात. अंगातलं पाणी आणि मीठ आधीच गेलेलं असतं, त्यात माणूस भट्टीसमोर, डांबराच्या कामावर किंवा उन्हात स्लॅबवर उभा राहिला की घाम येण्याइतकंही पाणी उरत नाही.

साधी परीक्षा अशी: सकाळपासून लघवी कमी आणि गडद पिवळी होत असेल, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तोंड कोरडं पडलं असेल, तर आज उन्हातलं किंवा भट्टीवरचं काम नाही. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण मिसळून थोडंथोडं प्या. छोट्या पाकिटाचं पाणी त्यावर लिहिलेलं असतं तेवढंच घ्या. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. 'चांगलं लागतं' म्हणून मीठ वाढवू नका.

कामावर असताना कोणाचं अंग तापलं आणि तो असंबद्ध बोलायला लागला, किंवा कोसळला, तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला, १०८ ला बोलवा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

ताप उतरला म्हणून लगेच कामावर जाऊ नका, विशेषतः पावसाळ्यात

आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. कित्येक वस्त्यांत चार-चार, आठ-आठ दिवसांनी येतं, म्हणून प्रत्येक घरात ड्रम, हौद, टाक्या भरून ठेवलेल्या. डेंग्यूचा डास याच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. त्यामुळे पावसाळ्यात आणि त्यानंतर सणकून आलेला ताप, डोळ्यांमागे दुखणं, हाडं मोडल्यासारखं अंग दुखणं, याकडे साधा ताप म्हणून बघू नका.

डेंग्यूत धोक्याचा काळ ताप चढलेला असतानाचा नसतो, ताप उतरतानाचा असतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप खाली येतो, आणि पुढचे एक-दोन दिवस जपायचे असतात. नेमकं तेव्हाच माणसाला हलकं वाटतं आणि तो शिफ्टला हजर होतो. पोटात जोराने दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्या किंवा नाकातून रक्त, काळी शौच, कमालीची गळाठलेली अवस्था, यातलं काहीही दिसलं तर थेट रुग्णालय. डेंग्यूची शंका असेल तोवर ब्रुफेन, ॲस्पिरिनसारख्या गोळ्या घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो; तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टर सांगतील तेवढंच. रक्ताचा रिपोर्ट आणि डॉक्टरांचं 'जा' असं तोंडी तरी मिळाल्याशिवाय कामावर जायचं नाही.

चिकुनगुनियात जीवाला सहसा धोका नसतो, पण सांधे आठवडे-महिने धरून राहतात. अशा माणसाने सलग रजा संपवत बसण्यापेक्षा बसून करायचं काम मागावं आणि गरज पडेल तसा एकेक दिवस घ्यावा.

जिथे सरळ उत्तर नसतं

कंबर धरली तर पूर्ण झोपून राहणं उलट वाईट. दोन पावलं चालत राहिलेलं बरं. बैठं काम असेल तर अधूनमधून उठत जा, पण गोण्या, सळया उचलायचं काम असेल तर दोन-चार दिवस रजा घ्या. कंबरेबरोबर पायात मुंग्या, पाय ओढला जाणं किंवा लघवीवर ताबा नसणं असेल तर तातडीने डॉक्टर. अर्धशिशीत उजेड आणि आवाज सोसत नाही, तेव्हा रजा योग्यच आहे.

पाळीच्या पहिल्या दिवशी पोटात कळा येऊन उभं राहता येत नसेल तर बायकांनी बिनधास्त रजा टाकावी. कारण सांगताना 'तब्येत बरी नाही' एवढं पुरे; त्यापुढे खोदून विचारणं सुपरवायझरचं काम नाही. दर महिन्याला असंच होत असेल तर मात्र स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा, आणि कोणी पहिल्याच भेटीत पिशवी काढायला सांगितलं तर दुसऱ्या, शक्यतो सरकारी डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

मनाचं दुखणं हेही दुखणंच. रात्र-रात्र झोप नाही, कामाच्या विचाराने छाती धडधडते, रडू येतं, जगणं नको वाटतं, असं असताना माणूस मशीनवर, स्टिअरिंगवर किंवा वर्गात उभा राहू नये. एक दिवस घ्या आणि त्या दिवशी कोणाशी तरी बोला. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

लेकरू किंवा म्हातारे आईवडील आजारी असतील तर स्वतःला ताप आल्याचं सांगू नका. "मुलीला दवाखान्यात न्यायचंय, आज किरकोळ रजा द्या" हे खरं कारण चालतं, आणि ते न नाकारण्याइतकी माणुसकी बहुतेकांत असते.

लग्न, जत्रा, सोयाबीनची काढणी यासाठी आजाराची रजा काढू नका. आपल्यातल्या निम्म्या लोकांचं गाव आणि रान जवळच असतं, रात्रीची लाइट आली की पाणी द्यायला जावं लागतं, हे मला माहीत आहे. त्यासाठी आधी सांगून रजा मागा. 'ताप आलाय' सांगितलेल्या दिवशीचे हळदीतले फोटो स्टेटसला दिसले की पुढच्या खऱ्या तापाच्या फोनवर कोणी विश्वास ठेवत नाही. तेव्हा सोसतो तो खरोखर फणफणलेला माणूस.

फोन कधी, कोणाला, काय

ठरलं की लवकरात लवकर फोन. पहिली शिफ्ट सातची असेल तर सहाच्या आत, म्हणजे बदली माणूस बसमध्ये बसवता येतो. आधी फोन, मग त्याच मजकुराचा व्हॉट्सॲप मेसेज. फोनमुळे काम हलतं आणि मेसेज पुरावा म्हणून राहतो. फोन उचलला नाही तरी मेसेज टाकाच. मित्राकडे 'साहेबांना सांग' असा निरोप देऊ नका, हजेरीपत्रकावर तो निरोप कुठेच दिसत नाही आणि विनापरवाना गैरहजेरी लागते.

चार गोष्टी सांगा: काय होतंय, कधीपासून, पुढचं कधी कळवाल, आणि अडलेलं काम कुठे आहे. जुलाब किती झाले, कसे झाले हे सांगायची गरज नाही. आवाज पाडून बोलायचीही नाही.

कंपनीत सुपरवायझरला:
"साहेब, रात्री नऊपासून ताप यायलाय, आत्ता एकशे दोन आहे. आज पहिल्या शिफ्टला येणं होत नाही. दवाखान्यात जाऊन येतो आणि दुपारी चारपर्यंत उद्याचं सांगतो. माझ्या मशीनची सेटिंग वहीत लिहिलेली आहे, वही लॉकरवर ठेवलीय."

शाळेत मुख्याध्यापकांना:
"सर, नमस्कार. रात्रीपासून उलट्या होताहेत, आज किरकोळ रजा टाकतेय. पाचवीची घटक चाचणी आज आहे, प्रश्नपत्रिका कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहेत, किल्ली तुमच्या ड्रॉवरमध्ये. अर्ज व्हॉट्सॲपवर पाठवते, सही उद्या आल्यावर करते."

द्विशिक्षकी शाळेत एक जण नसला की दुसऱ्याला सगळे वर्ग एकट्याने सांभाळावे लागतात, म्हणून तिथे प्रश्नपत्रिका आणि किल्लीचं वाक्य रजेच्या वाक्याइतकंच महत्त्वाचं.

ठेकेदाराच्या माणसाला:
"दादा, पोट बिघडलंय, आज येत नाही. गणेशला माझ्या जागी विचारलंय, तो यायला तयार आहे. ईएसआयच्या दवाखान्यात चाललोय, चिठ्ठी उद्या देतो."

समोरचा चिडला तरी वाद घालू नका. "साहेब, मशीनवर उभं राहता येत नाही, चूक झाली तर माल जाईल" एवढं शांतपणे एकदा सांगा आणि फोन ठेवा.

कागद आणि हक्क

पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि आस्थापना ईएसआयखाली येत असेल तर तुमच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. ठेकेदारामार्फत असलात तरी हे लागू होतं. पगाराच्या स्लिपवर ईएसआयची कपात दिसते का आणि आपला विमा क्रमांक काय, हे धडधाकट असताना बघून ठेवा. आजारी पडल्यावर शोधायची ती गोष्ट नाही.

सहा महिन्यांच्या वर्गणी काळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर त्यापुढच्या लाभ काळात आजारपणाचा भत्ता मिळतो, मजुरीच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. पहिले दोन दिवस सहसा धरत नाहीत. आधीचं आजारपण संपून पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडलात तर धरतात. टीबी, कॅन्सरसारख्या लांबणाऱ्या ठरावीक आजारांना यापेक्षा जास्त दराने आणि जास्त काळ भत्ता आहे. हे सगळं मिळतं ते ईएसआयच्या डॉक्टरांच्या दाखल्यावर, म्हणून पहिल्याच दिवशी ईएसआयच्या दवाखान्यात जा. तिथे रांग असते हे खरं. पण गल्लीतल्या डॉक्टरकडे तीन दिवस काढून चौथ्या दिवशी गेलात तर मागचे तीन दिवस कागदावर येत नाहीत. आणि हा भत्ता चालू असताना मालकाला तुम्हाला कामावरून काढता येत नाही.

दुकान, शोरूम, खासगी ऑफिस यांना राज्याचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. त्यात वर्षाला आठ किरकोळ रजा पगारी आहेत, वर्षअखेर उरल्या तर बुडतात. लहान दुकानांना हा कायदा सगळा लागू होत नाही, तिथे मालकाशी आधीच बोलून ठेवावं लागतं. कारखान्यात वीस दिवस कामामागे एक भरपगारी रजा जमा होते. त्या सगळ्या दिवाळीला आणि पेरणीला संपवू नका, दोन-तीन आजारासाठी मागे ठेवा.

सरकारी कर्मचाऱ्यांना १९८१ चे रजा नियम लागू आहेत. अर्धवेतनी रजा वर्षाला वीस दिवस, १ जानेवारी आणि १ जुलैला दहा-दहा जमा होतात. वैद्यकीय दाखला जोडला तर तीच परिवर्तित करून पूर्ण पगारावर घेता येते, मग एका दिवसाला दोन दिवस खर्ची पडतात. रुजू होताना तंदुरुस्तीचा दाखला लागतो, तो घ्यायला दवाखान्यात जायचा वेळ धरूनच रुजू व्हायचा दिवस ठरवा.

दाखला ज्या दिवशी डॉक्टरांनी तपासलं त्याच दिवशी घ्या. त्यावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, सही, शिक्का आणि 'या तारखेपासून या तारखेपर्यंत विश्रांती' असं लिहिलेलं हवं. मागच्या तारखेचा किंवा पैसे देऊन आणलेला दाखला कधीच वापरू नका. पडताळणी झाली तर एका दिवसाच्या रजेपायी नोकरी जाते, आणि टाइम ऑफिसला तो कागद बहुतेक वेळा बघताक्षणी ओळखू येतो.

ज्यांना रजाच नाही

रोजंदारीवर, आडतीवर, उसाच्या फडात असणाऱ्यांना वरचे कायदे वाचून काय मिळणार, हा प्रश्न रास्त आहे. ऊसतोडीत तर नवरा-बायको मिळून एक कोयता. एक आजारी पडला की दोघांची मजुरी बुडते, वर खाड्याचा दंड उचलीतून, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशातून, कापला जातो. त्या भीतीचं टोक कुठे गेलं हे बीडने पाहिलंय: २०१९ मध्ये सरकारी समितीने केलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. पाळीच्या दुखण्याने खाडा पडू नये हे त्यामागचं एक कारण. इथे दोष आजारी बाईचा नाही, दंड लावणाऱ्या व्यवहाराचा आहे. उचल घेताना, गावातच, चार लोकांसमोर मुकादमाशी बोलून घ्या की दवाखान्याची चिठ्ठी असेल तर खाडा लागणार नाही. टोळीतल्या दोन-तीन कोयत्यांनी एकमेकांचा आजाराचा दिवस भरून काढायचं ठरवलं तरी बराच भार हलका होतो.

उपचाराच्या खर्चाच्या भीतीने अंगावर काढत असाल तर एक लक्षात ठेवा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपरसकट तपासणी मोफत आहे. छत्रपती संभाजीनगरच्या घाटीसारखी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या खात्याची, तिथे केसपेपरचे थोडे पैसे लागू शकतात. ताप-जुलाबासाठी आधी जवळचं आरोग्य केंद्र गाठा, तिथून गरज पडली तर पुढे पाठवतात.

घरचा दिवस आणि परत जाणं

रजेच्या दिवशी झोपा, पाणी-पेज-वरणभात जे जाईल ते घ्या, ताप दर सहा तासांनी लिहा. एसटीने गावाकडे जाऊ नका. दोन तासांचा प्रवास आणि गावातल्या भेटीगाठी यात आराम होत नाही, आणि ताप वाढला तर तालुक्याचा दवाखाना लांब पडतो. संध्याकाळी ठरल्या वेळी उद्याचं कळवा, जरी 'अजून ताप आहे' एवढंच सांगायचं असलं तरी.

परत गेल्यावर आधी कागद जमा करा आणि रजेच्या नोंदीची पोच किंवा फोटो घ्या. ताप उतरूनही आठवडाभर अशक्तपणा राहतो, म्हणून पहिले दोन दिवस रात्रपाळी आणि ओव्हरटाइम नको असं सांगा. बहुतेक सुपरवायझर ऐकतात, कारण त्यांनाही तोच माणूस आठ दिवसांत पुन्हा आडवा झालेला परवडत नाही. खोकला दोन आठवड्यांहून जास्त राहिला, वजन उतरलं किंवा संध्याकाळचा बारीक ताप येत राहिला तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करून घ्या, ती आणि टीबीचे उपचार दोन्ही मोफत आहेत. तपासणीचा निकाल हातात येईपर्यंत कँटीनमध्ये वेगळं बसा आणि मास्क लावा.